इंटरनॅशनल रूल्स फुटबॉल आणि वर्णद्वेषी भाषा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयर्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातल्या या जोडखेळाबद्दल मराठी मंडळी मला सतत विचारत असतात. सुरुवातीला प्रश्न नियमांचे असायचे. आता निम्म्याहून जास्त प्रश्न ‘अमुक शब्द चालतो का’ असे असतात. एकच उत्तर दहा वेळा लिहिण्यापेक्षा सगळी एकत्र केली आहेत. खेळ माहीत असेल तर थेट प्रश्न ३ वर जा.

१. हा खेळ नक्की कोणता? रग्बी की फुटबॉल?

दोन्ही नाही. आयर्लंडचा गेलिक फुटबॉल आणि ऑस्ट्रेलियाचा ऑस्ट्रेलियन रूल्स, ज्याला तिकडे लाडानं ‘फुटी’ म्हणतात, असे दोन खेळ आहेत. दोन्ही हौशीने घराघरांत खेळले जातात, पण आपापल्या देशाबाहेर त्यांना फारसा प्रतिस्पर्धी नाही. देशाची जर्सी घालायची तर खेळायचं कोणाशी? मग दोघांनी मिळून मधला खेळ काढला. १९६७ मध्ये हॅरी बाइट्झेल या ऑस्ट्रेलियन पंच-समालोचकानं ‘गलाज’ नावाचा संघ आयर्लंडला नेला, तिथून ओढ लागली. रीतसर मालिका १९८४ ला सुरू झाली. ते आयर्लंडच्या गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशनचं, म्हणजे जीएएचं, शताब्दी वर्ष होतं.

चेंडू गोल, आयर्लंडचा. मैदानही त्यांच्यासारखं आयताकृती. अंगावर येऊन पकडणं म्हणजे टॅकल मात्र ऑस्ट्रेलियाचा, आणि लांबून आलेली किक हवेत झेलली की मिळणारी फ्री किक, ‘मार्क’, तीही त्यांची. एका बाजूला पंधरा खेळाडू. पंच दोन, दोन्ही देशांचा एकेक. हे पंचांचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२. गुण कसे मोजतात?

जाळ्यात गोल गेला तर ६. आडव्या दांड्यावरून मधल्या दोन खांबांमधून गेला तर ३, त्याला ‘ओव्हर’ म्हणतात. बाहेरच्या खांबांमधून गेला तर १, तो ‘बिहाइंड’. मालिका बहुतेक वेळा दोन सामन्यांची असते आणि दोन्हींची बेरीज करून विजेता ठरतो. करंडकाला २००४ पासून कॉर्मॅक मॅकअ‍ॅनलन यांचं नाव आहे. टायरोन काउंटीचा हा तरुण कर्णधार त्याच वर्षी मार्चमध्ये अचानक गेला.

३. या खेळात वर्णद्वेषाचा वाद कुठून आला? आयर्लंड तर स्वतः गुलामीत होतं ना?

१९९९ मध्ये आयर्लंडचा संघ ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर होता. सरावाच्या सामन्यात ग्रॅहम गेराटी यानं डेमियन क्युपिडो या गोऱ्या नसलेल्या तरुण ऑस्ट्रेलियन खेळाडूला त्याच्या रंगावरून शिवी दिली. गेराटी लहानसहान खेळाडू नव्हता. त्याच वर्षी ऑल-आयर्लंड, म्हणजे काउंट्यांमधली गेलिक फुटबॉलची सर्वोच्च स्पर्धा, जिंकलेल्या मीथ काउंटीचा तो कर्णधार होता. त्यानं माफी मागितली आणि त्याला एका सामन्याची बंदी झाली.

प्रश्नाच्या दुसऱ्या भागाबद्दल: हो, आयर्लंड शतकानुशतकं दुसऱ्याच्या टाचेखाली होतं, आणि हा युक्तिवाद आयरिश चाहते त्या वेळी मनापासून करत होते. ‘आम्ही कुणाला वसाहत केली? आम्हाला कसला वर्णद्वेष?’ आपल्यालाही ही वाट ओळखीची आहे. इंग्रजांनी आपल्याला ‘नेटिव’ म्हटलं म्हणून आपल्या बोलण्यातली रंगाची नि जातीची भाषा धुऊन निघाली, असं काही झालं नाही.

४. एका सामन्याची बंदी म्हणजे थट्टाच नाही का?

चाहत्यांमधला वाद इथूनच पेटला. एक बाजू म्हणाली, मैदानात रक्त तापलेलं असतं, तोंडातून काहीही जातं, माफी मागितली, संपलं. दुसरी बाजू म्हणाली, शिवी देताना हजार शब्द हाताशी असतात, त्यातून रंगाचाच शब्द का सापडला?

मला दुसरी बाजू पटते. शिक्षेपेक्षा मला खटकतं ते वेगळंच. टॅकल कमरेच्या किती वर, चेंडू हातात घेऊन किती मीटर पळायचं, सलग किती हँडपास, हे सगळं दोन्ही मंडळांनी टेबलावर बसून वाटाघाटी करून ठरवलं होतं आणि दर मालिकेला त्यात थोडा फेरफार व्हायचा. तोंडाने काय चालेल यावर ऑस्ट्रेलियाकडे तेव्हा चार वर्षांचा जुना नियम होता (प्रश्न ६), आणि आयर्लंडनं वर्णद्वेषी वर्तनासाठी स्वतंत्र शिस्तभंगाची तरतूद केली ती २०१३ मध्ये. शरीराचे नियम जुळवले, जिभेचे राहून गेले.

५. मग मैदानात कुणी काही बोललं तर ऐकतं कोण, ठरवतं कोण?

इथे ते दोन पंच येतात. मुळात मैदान अफाट, खेळ वेगवान, एका पंचाच्या कानावर सगळं पडणं अशक्य. ज्याच्या कानावर पडतं तो आपल्या देशाच्या सवयीने ऐकतो. आयरिश पंचाला जी नेहमीची चिडवाचिडवी वाटेल, ती ऑस्ट्रेलियन पंचाला तक्रारीची बाब वाटू शकते. उलटही होतं, प्रश्न ११ पाहा.

ऑस्ट्रेलियन लीगमध्ये, म्हणजे एएफएलमध्ये, आजकाल तक्रार पंचाकडूनच यावी असं नाही. २०२१ मध्ये अ‍ॅडलेडच्या टेलर वॉकरला सहा सामन्यांची बंदी झाली, ती एका स्थानिक सामन्यातल्या वर्णद्वेषी वाक्यासाठी. ते वाक्य त्याच्याच क्लबच्या माणसानं ऐकलं आणि वर कळवलं. आपल्याच माणसानं आपल्या स्टार खेळाडूविरुद्ध तोंड उघडलं, याचं तिकडे बरंच कौतुक झालं. काहींनी ‘घरभेदी’ही म्हटलंच.

६. ऑस्ट्रेलियात हा नियम आला कसा?

१७ एप्रिल १९९३. मेलबर्नचं व्हिक्टोरिया पार्क, कॉलिंगवूड क्लबचं घर. सेंट किल्डाकडून खेळणारा निकी विन्मार हा मूळ रहिवासी समाजातला खेळाडू दिवसभर प्रेक्षकांच्या शिव्या खात होता. सामना जिंकल्यावर तो त्याच प्रेक्षकांकडे वळला, जर्सी वर केली आणि बोट आपल्या पोटाच्या उघड्या कातडीवर ठेवलं. तो फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेला असणार. त्यानंतर कॉलिंगवूडच्या अध्यक्षांनी सारवासारव करताना सांगितलं की हे लोक गोऱ्यांसारखे वागले तर सगळे त्यांचा आदरच करतील. आग विझवायला रॉकेल.

दोन वर्षांनी, १९९५ च्या अ‍ॅन्झॅक डे (सैनिकांचा स्मृतिदिन) सामन्यात, एसेंडन क्लबच्या मायकेल लाँगनं प्रतिस्पर्ध्याच्या शिवीची उघड तक्रार केली आणि गप्प बसायला नकार दिला. त्याच वर्षी ३० जूनला एएफएलनं वांशिक आणि धार्मिक अवमानाविरुद्धचा नियम आणला. ऑस्ट्रेलियन खेळातला तो या प्रकारचा पहिला. आधी दोघांना समोरासमोर बसवून समेट, तो फसला तर न्यायाधिकरण, अशी त्याची रचना होती.

म्हणजे नियम वरून आलेला नाही. दोन खेळाडूंनी आपलं करिअर पणाला लावलं, तेव्हा तो आला.

७. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियानं फक्त मूळ रहिवाशांचा संघ पाठवला. वंशावरून संघ निवडणं हाच वर्णद्वेष नाही का?

सर्वात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि बहुतेक वेळा ‘आता पकडला’ अशा सुरात.

आधी काय झालं ते. २०१३ ला एएफएलनं पूर्ण संघ मूळ रहिवासी खेळाडूंचा निवडला. प्रशिक्षक मायकेल ओलाफ्लिन, कर्णधार डॅनियल वेल्स. काव्हनला ५७-३५ आणि डब्लिनच्या क्रोक पार्कला ११६-३७ असा आयर्लंडनं धुव्वा उडवला. बेरीज १७३-७२. मग दोन्ही देशांतल्या चाहत्यांनी हात धुऊन घेतले. आयरिश म्हणाले, आम्हाला कमकुवत संघ दिला, हा आमचा अपमान. ऑस्ट्रेलियातले काही म्हणाले, गोऱ्यांचाच संघ निवडला असता तर चाललं असतं का?

‘गोऱ्यांचाच संघ’ ऑस्ट्रेलियानं कितीतरी दशकं न बोलता निवडला, त्याला नाव द्यायची गरज पडली नाही, एवढाच फरक. आणि सगळे एकाच समाजाचे असलेला ऑस्ट्रेलियन संघ ही नवी गोष्टही नाही. इंग्लंडचा दौरा करणारा पहिला ऑस्ट्रेलियन क्रिकेट संघ १८६८ चा, तो मूळ रहिवाशांचाच होता. ४७ सामने खेळले, १४ जिंकले, १४ हरले.

आपल्याकडची आठवण काढायचीच तर मुंबईच्या चौरंगी आणि पंचरंगी सामन्यांची काढा. हिंदू, पारशी, मुस्लिम, युरोपियन असे संघ धर्मावरून, आणि ते १९४६ पर्यंत चालले. त्या ‘हिंदू’ संघाचा सर्वोत्तम गोलंदाज पाळवणकर बाळू. चांभार समाजातला. पुण्यात याच बाळूला चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळायचा. त्याच्या गोलंदाजीवर सामने जिंकायचे, कप मात्र वेगळा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं शंभरावर बळी घेतले तरी हिंदूंचं कर्णधारपद त्याला मिळालं नाही. त्याचा भाऊ विठ्ठल कर्णधार झाला तो १९२३ मध्ये. समाजावरून संघ निवडण्याचे दोन प्रकार असतात: वरच्याने कुंपण घालायला निवडलेला, आणि कुंपणाबाहेर ठेवलेल्यांनी स्वतःच्या नावाने उभा केलेला. दोन्ही एका तागडीत घालता येत नाहीत.

खेळाच्या अंगाने मात्र २०१३ ची निवड माझ्या मते चुकली. एवढ्या मोठ्या फरकाने हरण्याची जोखीम पत्करायची तर तयारीला वेळ द्यायला हवा होता. गोल चेंडू त्यांच्या हातचा नव्हे.

८. त्या खेळाडूंना मराठीत काय म्हणायचं? ‘आदिवासी’ चालेल का?

वर मी ‘मूळ रहिवासी’ लिहिलं आहे, तेही फार खुशीत नाही.

‘आदिवासी’ हा आपल्याकडे सरकारी आणि अभिमानाचा, दोन्ही शब्द आहे. पण तो ऐकला की पालघर, नंदुरबार, मेळघाट डोळ्यांपुढे येतं, मेलबर्नमध्ये वकिली करणारी बाई येत नाही. शिवाय आपल्या वर्तमानपत्रांना त्याच्या मागे ‘पाड्यावरचे’ लावायची खोड. ‘मूलनिवासी’ व्याकरणानं चोख, पण आपल्याकडे त्या शब्दामागे एक वेगळी चळवळ आणि वेगळी सभा उभी आहे, वाचक गोंधळतो. ‘अ‍ॅबोरिजिनल’ हे विशेषण म्हणून ऑस्ट्रेलियात चालतं, त्यासोबत ‘टॉरस स्ट्रेट आयलंडर’ हेही म्हणतात, कारण उत्तरेच्या बेटांवरचे लोक वेगळे आहेत. हल्ली ‘फर्स्ट नेशन्स’ जास्त ऐकू येतं.

त्याचं आखूड रूप ‘अ‍ॅबो’ अजिबात नको. कितीही लाडात, कितीही मित्रांत. ती शिवी आहे. आपल्या टीव्हीवर ‘ऑसी’ ऐकून काहींना वाटतं की हेही तसंच लघुरूप. नाही.

सर्वात सोपा उपाय म्हणजे खेळाडूचं नाव घ्या. त्याचा समाज सांगायची वेळ खरोखर किती वेळा येते?

९. हेतू वाईट नसेल तरी शब्द वर्णद्वेषी ठरतो का?

ठरू शकतो. ऑस्ट्रेलियाच्या १९७५ च्या वांशिक भेदभाव कायद्यात १९९५ ला जोडलेलं कलम १८-सी बोलणाऱ्याच्या मनात काय होतं हे विचारत बसत नाही. वंशामुळे केलेल्या त्या कृतीनं त्या समाजाच्या माणसाचा अपमान किंवा मानहानी होण्याची रास्त शक्यता होती का, हे पाहतं. आपला १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा वेगळ्या वाटेनं जातो: जातीवरून अपमान, आणि तो चारचौघांत झाला का, यावर त्याचा भर.

पण खरी गंमत होते ती दोन भाषा आदळतात तेव्हा. जानेवारी २००८ ची सिडनी कसोटी आठवा. हरभजन सिंगनं अँड्र्यू सायमंड्सला ‘मंकी’ म्हटलं, असा आरोप. भारतीय बाजू म्हणाली, तो शब्द आईवरून दिलेली हिंदी शिवी होती, कानाला तसा ऐकू आला. सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनी तीन कसोटींची बंदी घातली. अपिलात न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांनी ती काढून निम्म्या मानधनाचा दंड ठेवला. सचिननं साक्ष दिली होती. आपण सगळ्यांनी तेव्हा जल्लोष केला, मीही केला.

पण त्याच्या तीनच महिने आधी, ऑक्टोबर २००७ मध्ये, वडोदऱ्यात आणि मग आपल्या वानखेडेवर त्याच सायमंड्सकडे बघून माकडाचे आवाज आणि हावभाव झाले होते. मुंबईत पोलिसांनी काही प्रेक्षकांना बाहेर काढलं. ते काही हिंदी-इंग्रजीच्या घोटाळ्यातून झालं नव्हतं. माकडाच्या हावभावाला भाषांतर लागत नाही.

१०. नुसती हुर्यो उडवणं वर्णद्वेषी कसं? हुर्यो तर सगळ्यांचीच उडते.

अ‍ॅडम गुड्सचं प्रकरण या प्रश्नाचं उत्तर आहे. हा सिडनी स्वान्सचा दिग्गज, २०१० ला इंटरनॅशनल रूल्समध्ये ऑस्ट्रेलियाचा कर्णधार. मे २०१३ मध्ये मेलबर्नच्या एमसीजीवर सीमारेषेजवळच्या एका तेरा वर्षांच्या मुलीनं त्याला ‘एप’ म्हटलं. त्यानं बोट दाखवून सुरक्षारक्षकांना सांगितलं. नंतर त्यानंच सांगितलं की मुलीला झोडपू नका, तिला आधार द्या. २०१४ ला तो ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ झाला आणि देशाच्या इतिहासाबद्दल मोकळेपणानं बोलू लागला. मग हुर्यो सुरू झाली. २०१५ मध्ये तर त्याच्या हातात चेंडू आला की स्टेडियम हुर्यो करायचं. ‘तो फ्री किकसाठी नाटक करतो म्हणून’ असं कारण सांगत. नाटक करणारे इतर गोरे खेळाडू मात्र निवांत होते. त्या हंगामाच्या शेवटी गुड्सनं निवृत्ती घेतली, निवृत्त होणाऱ्या खेळाडूंची निरोपाची फेरीही नाकारली. एएफएल आणि अठराही क्लबांनी २०१९ मध्ये जाहीर माफी मागितली.

एका माणसाच्या हुर्योत काय आहे हे कुणालाच सिद्ध करता येणार नाही. पण महिनोनमहिने, शहरामागून शहरात, एकाच माणसाला?

११. आयरिश खेळाडूंना ‘पॅडी’ किंवा ‘मिक’ म्हटलं तर? तेही गोरेच आहेत.

तेही नको. गोऱ्यांनी गोऱ्याला म्हटलं म्हणून धार जात नाही. या शब्दांना इंग्लंड-ऑस्ट्रेलियात जुना वास आहे, दारुडा, अडाणी, कॅथलिक असा. मजा म्हणजे काही आयरिश खेळाडू एकमेकांना बिनदिक्कत तसं म्हणतात. घरातल्यांनी म्हटलेलं आणि बाहेरच्याने म्हटलेलं यात फरक असतो हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको, ‘घाटी’ आठवा.

आणि आयरिश म्हणजे गोराच, हेही आता खरं नाही. कॉर्कचा शॉन ओग ओ हॅल्पीन २००४-०५ च्या सुमारास आयर्लंडकडून हा खेळ खेळला. वडील फर्मॅनाचे, आई फिजीच्या रोटुमा बेटाची. डब्लिनच्या जेसन शेरलॉकनं १९९५ ला ऑल-आयर्लंड जिंकलं. वडील हाँगकाँगचे, म्हणून त्यानं आपल्याच देशाच्या मैदानांवर शिव्या खाल्ल्या.

१२. शेजारी बसलेला आपलाच माणूस असं बोलला तर काय करायचं?

२०१७ ला अ‍ॅडलेड ओव्हलवर पहिला सामना होता. आम्ही तीन मराठी कुटुंबं, मांडीवर चिवड्याचा डबा. समोरून एक मूळ रहिवासी खेळाडू दोघांना चकवून सुटला आणि आमचा एक दोस्त उठून ओरडला, ‘अरे तो काळू बघ कसला पळतोय!’ कौतुकानंच. माझी दहा वर्षांची मुलगी इंग्रजीत म्हणाली, काका रेसिस्ट आहे का? ती हळू बोलत नाही.

याच मैदानावर आदल्या वर्षी प्रेक्षकांतून एडी बेट्सच्या दिशेनं केळं फेकलं गेलं होतं, हे तिला शाळेत शिकवलं होतं. दोस्त चपापला. म्हणाला, ‘अगं, साताऱ्यात मला अख्खी शाळा काळ्या म्हणायची. मला कधी राग आला नाही.’ मग चिवडा चिवडत थोड्या वेळानं, ‘म्हणजे, यायचा.’ दुसऱ्या क्वार्टरमध्ये त्यानं खेळाडूंचे नंबर बघून नावं घ्यायला सुरुवात केली. मला काही बोलावं लागलं नाही, श्रेय मुलीचं.

अनोळखी माणूस असेल तर भांडू नका. ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या मैदानांवर तक्रारीसाठी एसएमएस क्रमांक असतो, तो स्क्रीनवर दाखवतात. ओळ आणि खुर्ची नीट कळवा. जानेवारी २०२१ च्या सिडनी कसोटीत सिराजनं तक्रार केल्यावर खेळ थांबला आणि सहा जणांना बाहेर काढलं. मैदान सोडायचं का, असा पर्याय पंचांनी पुढे केला होता. कर्णधार आपला अजिंक्य रहाणे म्हणाला, आम्ही खेळायला आलोय. पुढे चौकशीत वर्णद्वेषी शेरेबाजी झाल्याचं मान्य झालं, पण बाहेर काढलेले ते सहा जण हे नव्हतेच. म्हणून म्हणतो, खुर्ची नीट बघा.

१३. आयरिश भाषेत काळ्या माणसाला ‘निळा’ म्हणतात, हे खरं का? मग तो अपमान की नाही?

खरं आहे. शब्द आहे ‘फार गोरम’, शब्दशः निळा माणूस. ‘फार दुव’ म्हणजे शब्दशः काळा माणूस, पण तो शब्द सैतानासाठी आधीच गुंतलेला, म्हणून निळ्यावर भागवलं. तो अपमान म्हणून घडलेला शब्द नाही. तरी आता तिकडे ‘रंगाची व्यक्ती’ अशा अर्थाचा नवा शब्दही वापरतात, आणि कोणता बरा यावर आयरिश बोलणाऱ्यांचे आपसांत वाद आहेतच. गेराटीनं १९९९ ला जे म्हटलं ते अर्थात इंग्रजीत होतं. त्याला ही पळवाट नाही.

हे मी एका आयरिश शेजाऱ्याकडून ऐकलं तेव्हा त्याला आमच्या देवघरातला कृष्ण दाखवला. नावाचा अर्थ काळा, रंग निळा. तो बराच वेळ फोटोकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘तुमच्याकडेही काळा रंग आधीच कुणाला तरी देऊन टाकला होता का?’